न ओढलेली खुर्ची

आमची ताई खुर्ची कधी ओढत नाही, उचलते. लहानपणापासूनची सवय आहे असं ती लोकांना सांगते, पण ते साफ खोटं आहे. लहानपणी ती घरभर खुर्च्या फरफटत न्यायची आणि बाबा वर्तमानपत्रामागून ओरडायचे. ही सवय तिला नोकरीत लागली. कशी लागली ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, कारण त्या दिवसांत ती रोज संध्याकाळी माझ्या दुकानात यायची आणि शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसून दिवसभराचं सगळं माझ्या डोक्यावर ओतायची. मी कपडे अल्टर करते. माझे हात चालू असतात आणि कान रिकामे असतात, म्हणून सगळ्यांना वाटतं मी ऐकायलाच बसले आहे.

ताई फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीत हजेरी घेणारी क्लार्क म्हणून लागली आणि चढत चढत एचआर हेड झाली. मधल्या काळात कंपनीने एक अख्खं युनिट बंद केलं आणि तिथल्या माणसांना घरी पाठवायचं काम हिच्या गळ्यात पडलं. तिच्या आधीचे साहेब मोठ्या टेबलापलीकडे बसून बातमी द्यायचे आणि लगेच घड्याळाकडे बघायचे. एका माणसाने बातमी ऐकली, तो उठून उभा राहिला आणि पाय गेल्यासारखा टेबलावरच आडवा झाला. हातातल्या भरल्या ग्लासातलं पाणी अंगभर सांडलं. नोकरी गेल्यापेक्षा ओल्या पँटने सगळ्यांसमोरून बाहेर कसं जायचं, याचीच त्याला जास्त लाज वाटत होती. ताई हे सांगताना हुंदके देत होती आणि मी कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होते.

त्यानंतर तिने स्वतःची पद्धत बसवली. टेबलामागून उठायचं, एक खुर्ची उचलून समोरच्या माणसाच्या बाजूला ठेवायची आणि त्याच्या शेजारी बसायचं. पाणी द्यायचं ते अर्धाच ग्लास, म्हणजे हात थरथरला तरी सांडत नाही. आणि आधी एकच प्रश्न विचारायचा, "घरी कोण कोण आहे?" समोरचा 'कोणी नाही' म्हणाला तर त्याच्याबरोबर घरापर्यंत कुणाला तरी धाडायचं, नाहीतर स्वतः जायचं. न विचारता तिने कधी कुणाला पाठवलं नाही. मग बातमी, दोन वाक्यांत. शेवटी, "यात तुमची काही चूक नाही." खरंच चूक नसेल तरच.

लोक म्हणे तिला थँक्यू म्हणून जायचे. पण कंपनीत त्या खुर्चीची अशी दहशत बसली की नोकरी जाण्याला 'खुर्ची उचलली' हाच शब्द पडला. एकदा कॅन्टीनमध्ये तिने नुसती गप्पा मारायला खुर्ची उचलून दुसऱ्या टेबलाशी नेली, तर तिथल्या अकाउंटंटच्या घशातच घास अडकला. पाठीत धपाटे घालावे लागले. आम्ही दोघी त्यावर पोट धरधरून हसलो. मी तिला म्हणायचे, "तू यमाची सेक्रेटरी आहेस." मला काय माहीत!

तिच्या कंपनीने एके वर्षी समाजसेवेचा दिवस पाळायचं ठरवलं. सगळ्यांनी एकसारखे टी-शर्ट घातले आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या एका सेवाघरात गेले. फोटो काढले, फळं वाटली, टी-शर्ट घरी जाऊन फडकी झाले. ताई मात्र पुढच्या शनिवारी पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. किती वर्षं झाली आता, मी मोजत नाही. नखं काप, चष्मे पूस, कानातल्या यंत्राचे सेल उशीखाली शोध, वर्तमानपत्र वाचून दाखव. मग तिने कंपनीशी भांडून लोकांना शनिवारची अर्धी सुट्टी मिळवून दिली आणि एकेकाला शिकवून तिथे नेऊ लागली. तिला त्याबद्दल एक पुरस्कारही मिळाला. काचेचा आहे, जड आहे, तिच्या फ्लॅटचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून उपयोगी पडतो.

मी तिला एकदा विचारलं होतं, आठवडाभर मरमर काम करून वर ही हौस कशाला. ती म्हणाली, "अगं, आठवडाभर मी माणसांना जा म्हणते. एक दिवस कुणाजवळ तरी नुसतं बसून राहावंसं वाटतं."

मी मान खाली घालून पुढची शिवण उसवायला घेतली.

त्या सेवाघरातली मोठी सिस्टर माझी गिऱ्हाईक. एकदा ती युनिफॉर्म सैल करायला आली आणि माप देता देता म्हणाली, "तुमच्या ताईंबद्दल एक विचारू? रागावणार नाही ना?"

"ते ऐकल्यावर ठरवू," मी म्हटलं. तोंडात टाचण्या होत्या.

"त्या नेहमी पेशंटच्या पलंगाच्या पायथ्याशी असलेल्या बाकावर बसतात. सगळे व्हॉलंटियर तिथेच बसतात. पण कधीकधी त्या उठतात, खुर्ची उचलतात आणि उशाशी नेऊन ठेवतात. पाणी ओततात. अर्धा ग्लास. आणि विचारतात, घरी कोण कोण आहे."

"मग?"

"मग तो पेशंट पुढचा शनिवार बघत नाही."

मी टाचण्या काढून हातात घेतल्या. "ती अनुभवी आहे. चेहरे बघून तिला अंदाज येत असेल."

"अंदाज आला तर तो आधी मला यायला हवा. मी नर्स आहे," सिस्टर म्हणाली. "ज्यांना साधा ताप नव्हता, जे जेवून गप्पा मारत होते, तेसुद्धा गेले. झोपेत, शांतपणे. एकदाही चुकलेलं नाही."

संध्याकाळी ताई आली तेव्हा मी तिला थेटच विचारलं. ती म्हणाली, "काहीतरीच काय? मी तर बाकावर बसते." ती थट्टा करत नव्हती आणि लपवतही नव्हती. तिच्या नाकाचा शेंडा खोटं बोलताना लाल होतो, तो झाला नव्हता. तिला खरोखरच काही आठवत नव्हतं.

तरीही बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर काही महिने त्यांना कुठेतरी ठेवायची वेळ आली, तेव्हा मी त्याच सेवाघरात त्यांना ठेवलं. बाबा माझ्याकडे राहायचे, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. आई गेल्यापासून आम्ही दोघंच. माझं लग्न म्हणाल तर मी त्या भानगडीतून लवकरच मोकळी झाले, आणि ताईने त्यात पायच घातला नाही. जिन्याशिवाय वर जायची सोय नव्हती आणि एवढी स्वच्छ जागा दुसरी नव्हती. शिवाय मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही.

पहिल्याच दिवशी मला दिसलं की तिथल्या सगळ्या खुर्च्या बांधलेल्या आहेत. हिरव्या रेक्झिनच्या जड खुर्च्या, आणि प्रत्येकीचा एक पाय बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या पायथ्याला करकचून आवळलेला. लांबच लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना खोल्या, फिनेलचा वास, आणि दारादारातून तीच पांढरी गाठ.

"हे काय?" मी बाबांच्या खोलीतल्या दुसऱ्या पेशंटला विचारलं. ते भूगोलाचे रिटायर्ड मास्तर. कमरेखालचं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत.

"आमच्या हट्टासाठी केलंय," मास्तर म्हणाले. "बाकीच्यांच्या खुर्च्या फरशीवर किंचाळतात, बाई. तुमच्या ताईंची वाजत नाही. दुपारी आम्ही डोळे मिटून पडलेले असतो. पावलं ऐकू येतात. बाकावर बसल्याचा आवाज येतो. मग उठल्याचा येतो. आणि मग काहीच ऐकू येत नाही. तेव्हा या कॉरिडॉरमधला प्रत्येक माणूस हात लांबवून आपल्या उशाशी चाचपून बघतो, खुर्ची आपल्याकडे आली का."

"आणि तरी तुम्ही तिला येऊ देता?"

"आणखी कोण येतं इथे?" मास्तर म्हणाले.

बाबा मात्र झपाट्याने सुधारत होते. वॉकर धरून खिडकीपर्यंत जायला लागले, जेवणाला नावं ठेवायला लागले, हे तर फारच चांगलं लक्षण. डॉक्टर म्हणाले, आता लवकरच घरी न्या. मी दुकानामागची खोली रिकामी केली, जुनी मशीन विकून टाकली, तिथे बाबांचा पलंग लावला. पडद्याचा रंग त्यांनी स्वतः निवडला, मातकट, मला अजिबात न आवडणारा. मी तोच शिवला. बाबा घरी येणार, एवढ्या एकाच गोष्टीवर माझा तेव्हाचा प्रत्येक दिवस टांगलेला होता.

त्या शनिवारी दुपारी ताई बाकावर बसून दोघांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. मी खिडकीशी बाबांच्या पायजम्याची नाडी ओवत होते. नाडीचं टोक आत सरकलं, मी मान खाली घालून ते शोधत होते, आणि बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की वाचण्याचा आवाज थांबला आहे.

मी वर बघितलं. ताई बाबांच्या उशाशी उभी होती. दोन्ही हातांत खुर्ची, फरशीपासून वर, अधांतरी. खुर्चीच्या पायाला सुटलेली बँडेजची पट्टी लोंबत होती. ती गाठ मी सकाळीच तपासली होती, ती नखांनीसुद्धा सुटणारी नव्हती. छोट्या टेबलावर अर्धा ग्लास पाणी होतं. ते कधी ओतलं गेलं, ते मी ऐकलं नव्हतं. मास्तर भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून पडले होते. आणि ताईच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं, फक्त तिच्या ऑफिसातल्या लोकांनी पाहिलं होतं. मऊ, लक्ष देणारं, सगळं आधीच माहीत असलेलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "घरी कोण—"

"ताई!"

खुर्ची तिच्या हातातून सुटून आदळली. मग शेजारच्या खोलीत कोणीतरी सुटल्यासारखं हसायला लागलं, आणि हसता हसता रडायला लागलं.

ताई खुर्चीकडे बघत होती. "ही इथे कशी आली?" तिने मला विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला दंडाला धरून बाहेर काढलं आणि कॉरिडॉरमध्ये तोंडाला येईल ते बोलले. पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. बाबांच्या जवळ फिरकायचं नाही. ती म्हणाली, "अगं, ते माझेही वडील आहेत." मी म्हटलं, "मग त्यांना कामावरून काढायला का निघाली होतीस?"

ती पांढरीफटक पडली. तिने मान हलवली, जशी तिच्यासमोर बसलेल्यांनी आजवर हलवली असेल तशी. "बरं," एवढंच म्हणाली आणि गेली. तिच्याबरोबर घरापर्यंत कोणी गेलं नाही. मीही नाही.

मी खुर्ची परत बांधली. दोन गाठी मारल्या, वर एक टाका घातला.

पुढचे शनिवार ताईविना गेले. बाबा विचारायचे, "थोरली कुठे आहे?" मी सांगायचे, कंपनीच्या कामाने बाहेरगावी. ते ऐकून घ्यायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारायचे. ताई तिच्या ऑफिसातून घरी जायची, घरातून ऑफिसात. तिने शिकवलेले बाकीचे व्हॉलंटियर यायचे, बाकावर बसायचे, निघून जायचे.

आणि माणसं मात्र जायची ती जातच राहिली. ते मी धरलंच नव्हतं. ताई नाही म्हणजे आता सगळं थांबलं, अशा खुळ्या समजुतीत मी होते. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी चहाच्या कपासकट गेल्या. कप हातातच होता, चहा सगळा गाऊनवर आणि डोळे सताड उघडे, दाराकडे. त्यांच्या पलीकडचे गृहस्थ गेले ते एक हात पायथ्याच्या बाकाकडे ताणलेला, तो सरळ करताना सिस्टरला रडू फुटलं.

"पूर्वी ते झोपेत जायचे," ती मला म्हणाली. "आता सगळे दाराकडे बघत जातात."

एका सकाळी मला दिसलं की मास्तरांच्या खुर्चीची पट्टी गायब आहे.

"मीच सोडायला लावली," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "आम्हाला वाटायचं, ती बातमी आणते. बातमी काय हो, येतेच. ती आली की शेजारी कोणी बसलेलं असावं, एवढाच प्रश्न असतो. बाई, ती खुर्ची येण्याची मला भीती वाटायची ना, त्याच्या दसपट आता न येण्याची वाटते."

मी त्यांच्यावर खेकसले. बाबांसमोर असलं बोलू नका म्हटलं. बाबा मातकट पडद्याबद्दल विचारत होते, लावला का म्हणून.

मग बाबांना खोकला झाला. साधा खोकला. चार दिवसांत तो छातीत उतरला, ताप चढला, नाकाला नळी आली. डॉक्टरांनी 'लवकरच घरी' म्हणणं सोडून दिलं आणि माझ्याशी बोलताना घड्याळाकडे बघायला लागले. ताईने त्या इमारतीत पाऊलही ठेवलं नव्हतं. मी बांधलेली खुर्ची जिथल्या तिथे होती, माझ्या टाक्यासकट. आणि बाबा दाराकडे बघत होते. माझा हात धरलेला, पण नजर माझ्यावरून पलीकडे, दारावर. आमचे बाबा आयुष्यात कशाला भ्यायले नव्हते. त्या नजरेत आता भीती होती.

"थोरली आली?" ते श्वासाश्वासामधून विचारत होते. "थोरली?"

मी ताईला फोन केला. "ये," म्हटलं.

ती ऑफिसातून तशीच आली, गळ्यात ओळखपत्र लोंबत. दुपारचं ऊन कॉरिडॉरमध्ये अर्ध्यापर्यंत आलं होतं. ती चालत आली तशा बाजूच्या खोल्यांतल्या कुजबुजी थांबत गेल्या. आत येऊन ती पायथ्याच्या बाकावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"मी उठणार नाही," ती मला म्हणाली. "तू माझ्याकडे बघत राहा. उठले तर ओरड."

मी बघत राहिले. ती उठली नाही. तिचे खांदे थरथरत होते, जसं काही कोणी तिला काखेत हात घालून उठवतंय आणि ती बाकाला चिकटून बसली आहे. बाबा तिच्याकडे बघत नव्हतेच. त्यांना ती एवढ्या लांबून दिसत नव्हती. ते दाराकडे बघत होते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर ती भीती वाढत होती.

तेव्हा मी उठले. पर्समधली लहान कात्री काढली, माझाच टाका कापला, माझ्याच गाठी कापल्या आणि खुर्ची उचलली. ती फार जड होती. ओढली असती तर सोपं गेलं असतं, पण मी ओढली नाही. का ते मला आजही सांगता येणार नाही. ती बाबांच्या उशाशी ठेवली. पाणी ओतलं, अर्धा ग्लास.

"ये," मी म्हटलं. मी ढसाढसा रडत होते.

ताई उठली आणि येऊन बसली. बाबांची मान आपोआप तिच्याकडे वळली.

"बाबा," ताई म्हणाली, "घरी कोण कोण आहे?"

त्यांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्या. कपड्याची घट्ट शिवण उसवावी तसा तो चेहरा सैल झाला. "तुझी आई आहे," ते म्हणाले. इतक्या दिवसांत प्रथमच त्यांचा आवाज स्पष्ट आला. "माझी आई आहे, ओट्याशी. अण्णा पेपर वाचतायत." अण्णा म्हणजे आमचे आजोबा, आमच्या जन्माआधी गेलेले. "थोरली आहे. ताटं मांडतेय."

पाणी पाजायला ताईने ग्लासात बुडवलेला चमचा तिथेच थांबला.

मी विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं. "आणि धाकटी, बाबा?"

"ती नाही आली अजून," बाबा म्हणाले. "दुकान बंद करून येईल. तिला वेळ आहे."

ताईने त्यांच्या ओठांना चमच्याने पाणी लावलं. तिचा हात जराही हलत नव्हता. "बरं, बाबा," ती म्हणाली. "मग निघा तुम्ही. यात तुमची काही चूक नाही."

दुपारचा चहा यायच्या आत ते गेले. डोळे मिटलेले होते आणि तोंड ताईच्या बाजूला होतं. पलीकडच्या पलंगावरून मास्तरांनी हात जोडले.

त्यानंतर ताई पुन्हा दर शनिवारी जायला लागली. सेवाघरातल्या पट्ट्या एकेक करून निघाल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. ती मास्तरांच्याही उशाशी बसली. त्यांनी म्हणे तिला सगळ्या नद्यांची नावं सांगितली, घरी याच आहेत म्हणून.

थोरली ताटं मांडतेय, यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही. मी मात्र तिच्या मागे लागून तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्त, हृदय, छाती, सगळं उत्तम. डॉक्टर म्हणाले, तुमच्यापेक्षा यांची तब्येत चांगली आहे. मी त्या दिवशी त्या डॉक्टरला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. ताई रिटायर व्हायला आली होती, आणि मग रोजच सेवाघरात जायचा तिचा बेत होता. मी तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते. तिने कुणाशेजारी कुठली खुर्ची नेली, कधी नेली, सगळं. माझं लक्ष तिच्या हातांवर होतं.

काल संध्याकाळी ती दुकानात आली, पूर्वीसारखी. जॅकेटचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं. "हे तेवढं लावून दे," म्हणाली. "घाई नाही." आणि काउंटरपलीकडे उभी राहून पर्समध्ये चष्मा शोधायला लागली.

माझ्या दुकानातल्या स्टुलाच्या एका पायाचं रबर कधीच गेलं आहे. ते सरकवलं की असं कर्कश वाजतं की गिऱ्हाइकं कानांवर हात ठेवतात. मी बोलत होते, नेव्ही ब्लू दोरा संपलाय, काळा चालेल का, असं काहीतरी. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की स्टुलाचा आवाज झालेला नाही.

स्टूल माझ्या दोन्ही हातांत होतं. अधांतरी. मी काउंटरच्या आत नव्हते, बाहेर आले होते, ताईच्या शेजारी. काउंटरवर पाण्याचा ग्लास होता. अर्धा.

ताईला चष्मा सापडला. तिने तो लावला, ग्लासाकडे बघितलं, स्टुलाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. तिला नेहमीच सगळ्यांच्या आधी कळतं.

मला स्टूल फेकून द्यायचं होतं. माझ्यावरच ओरडायचं होतं, तिच्यावर ओरडले होते तसं.

"ठेव खाली," ताई म्हणाली. "हळू."

मी ठेवलं. ती गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली आणि मी तिच्याशेजारी स्टुलावर. तिने ग्लास उचलला. तिचा हात स्थिर होता.

"विचार," ती म्हणाली.

"मी नाही विचारणार."

"विचार गं. न विचारता कुणाला पाठवायचं नसतं."

रस्त्यावरून एक सायकल गेली. समोरच्या दुकानदाराने दिवे लावले. आयुष्यभर हिने जगाला हा प्रश्न विचारला, आणि हिला एकानेही विचारला नाही, हे मला तेव्हा सुचलं. मीही नाही. रोज संध्याकाळी ती इथून उठून एकट्या फ्लॅटवर जायची आणि मी हात हलवून मशीन सुरू करायचे.

"ताई," मी म्हटलं, "घरी कोण कोण आहे?"

तिने एक घोट घेतला आणि विचार केला, अगदी मन लावून, समोरच्याने नीट उत्तर द्यावं अशी तिची अपेक्षा असायची तसा.

"तू आहेस की," ती म्हणाली.

मग मी तिच्या जॅकेटचं बटण लावलं. काळ्या दोऱ्याने, दुहेरी, मागून घट्ट गाठ मारून. दुकान बंद केलं आणि तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत चालत गेले.